स्नोक्वॉल्मीला स्कीइंगला कुठल्या दिवशी जायचं: बर्फ आणि गर्दी आदल्या रात्रीच ओळखायची रीत

पार्किंगमध्ये गाडीतून उतरलात की बूट चढवायच्या आधी एक काम करा, हातमोजा काढून मूठभर बर्फ उचला आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर तांदळाच्या पिठीसारखा भुरभुर सांडून गेला तर आज मजा आहे, लाडू वळला गेला तर ठीक आहे, पाय जरा दमतील पण दिवस वाया जाणार नाही, आणि बोटांमधून पाणी ठिबकलं तर दोन तासांत हातमोजे पिळायची वेळ येणार, मुलं रडणार, आणि त्या दिवसाच्या तिकिटाचे पैसे जीवावर येणार हे धरून चाला. ही मुठीची परीक्षा मला पहिल्या वर्षी लिफ्टवर, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्चीत, शेजारी बसलेल्या एका आजोबांनी शिकवली आणि आजपर्यंत ती कधी चुकलेली नाही. अडचण एवढीच की तोवर आपण तास-दीड तास गाडी चालवून, चौघांची तिकिटं काढून तिथे पोचलेलो असतो. म्हणून हे सगळं आदल्या रात्री घरी बसूनच कसं ओळखायचं ते लिहिते, कारण सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंडकडची आपली बरीच मंडळी एकदाच जातात, नेमका चुकीचा दिवस निवडतात, भिजून आणि रांगेत उभं राहून परत येतात आणि मग स्कीइंग आपलं काम नाही म्हणतात. त्यांचं काहीच चुकलेलं नसतं हो, फक्त दिवस चुकलेला असतो.

आधी जागा समजून घ्या. समिट अ‍ॅट स्नोक्वॉल्मी म्हणजे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, आय-९० हायवेवर, सिअ‍ॅटलहून साधारण पन्नास मैलांवर, खिंडीतच वसलेला स्की एरिया. त्याचे चार भाग आहेत, समिट वेस्ट, समिट सेंट्रल, समिट ईस्ट हे तीन हायवेच्या एका बाजूला एकमेकांना लागून आणि चौथं अल्पेंटल हायवेच्या पलीकडे वेगळ्या दरीत. खिंडीची उंची फक्त ३०२२ फूट आहे, आणि हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. कोलोराडोतले स्की एरिया आठ-नऊ हजार फुटांवर सुरू होतात, तिथे भर हिवाळ्यात पडेल तो बर्फच असतो. आपल्याकडे ३००० फुटांवर जानेवारीतसुद्धा पाऊस पडतो, आणि बर्फ पडणार की पाऊस हे दोन-तीन डिग्रीवर ठरतं.

मी मूळची वाईची, त्यामुळे हे डोंगर मला लगेच कळले. समुद्रावरून ओला वारा येतो, कॅस्केड्स नावाच्या इथल्या डोंगररांगेच्या अंगावर चढतो, चढताना थंड होतो आणि सगळं पाणी तिथेच टाकतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वराला धो धो आणि खाली वाईला रिमझिम, तोच प्रकार. इकडे खिंडीत बर्फाच्या भिंती उभ्या असतात आणि डोंगर ओलांडून पलीकडे याकिमाला गेलात तर वर्षभरात जेमतेम आठ इंच पाऊस. तेव्हा पाण्याची चिंता करूच नका, ढग भरपूर येतात. प्रश्न नेहमी तापमानाचा असतो. २०१४-१५ चा हिवाळा इथल्या जुन्या लोकांना अजून आठवतो, त्या वर्षी पाऊस जवळपास नेहमीएवढाच पडला पण हवा इतकी उबदार की डोंगरावर बर्फ साठलाच नाही, लिफ्ट बहुतेक सीझन बंद राहिल्या आणि मे २०१५ मध्ये राज्याने दुष्काळ जाहीर केला. पाणी पडून दुष्काळ, विचार करा. आणि त्याच्या उलट १९९८-९९ ला, ला निन्याच्या हिवाळ्यात, उत्तरेकडच्या माउंट बेकर स्की एरियावर ११४० इंच बर्फ पडला, तो एका सीझनचा जागतिक विक्रम आहे.

आता मुख्य गोष्ट. फोनमधल्या नेहमीच्या हवामानाच्या अ‍ॅपवर ‘उद्या बर्फ ६ इंच’ दिसलं की लोक उड्या मारत निघतात, तसं करू नका. इंच नंतर बघा, आधी फ्रीझिंग लेव्हल बघा, म्हणजे किती फुटांवर तापमान शून्य सेल्सिअसला पोचतंय तो आकडा. बर्फ जमिनीकडे येताना वितळायला थोडा वेळ लागतो, म्हणून फ्रीझिंग लेव्हलच्या साधारण हजार फूट खालपर्यंत तो बर्फ म्हणूनच पोचतो. मग हिशोब सोपा आहे. फ्रीझिंग लेव्हल २५०० च्या आत असेल तर खिंडीत चांगला, बऱ्यापैकी हलका बर्फ मिळेल. ३५०० ते ४००० असेल तर बर्फच पडेल पण ओला, जड, ज्याला इथले लोक कॅस्केड काँक्रीट म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे, वळताना पाय खरोखर ओल्या सिमेंटमध्ये रुतल्यासारखे वाटतात. ५००० झाली की समिट वेस्ट आणि सेंट्रलच्या पायथ्याला पाऊस, अल्पेंटलचा माथा ५४०० फुटांच्या आसपास आहे म्हणून त्याच्या वरच्या भागात बर्फ. आणि ७०००, ८००० दिसली तर समजा हवाईकडून गरम ओला वारा येतोय, त्याला पायनॅपल एक्स्प्रेस म्हणतात, तेव्हा सगळीकडे पाऊसच, गाडी बाहेर काढू नका, घरी भजी तळा.

हे बघायचं कुठे तर नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशात थेट डोंगरावर क्लिक करायचं, गावाचं नाव टाकायचं नाही, कारण नुसतं स्नोक्वॉल्मी टाकलं तर खाली पायथ्याशी असलेल्या स्नोक्वॉल्मी गावाचं हवामान येतं आणि ते अडीच हजार फूट खाली आहे. माझी पहिल्या सीझनला हीच चूक झाली होती, मी गावाचं तापमान बघून पाऊस आहे म्हणून जायचं रद्द केलं आणि त्या दिवशी वर सुंदर बर्फ पडला होता. दुसरी साइट नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरची. तिचं मुख्य काम हिमस्खलनाचा अंदाज देणं, पण त्यांनी डोंगरावर जागोजागी हवामान मोजायची यंत्रं लावलेली आहेत आणि दर तासाचे आकडे सगळ्यांना बघता येतात, अल्पेंटलच्या तळाला, मध्यावर आणि माथ्यावर किती तापमान आहे, वारा किती, नवीन बर्फ किती. अंदाज चुकू शकतो, यंत्राचा आकडा म्हणजे आत्ता वर काय चाललंय ते, म्हणून सकाळी उठल्या उठल्या चहा टाकायच्या आधी मी तो बघते.

हे काहीच बघायला जमलं नाही तर एक ढोबळ रीत सांगते. दर हजार फुटाला तापमान साधारण साडेतीन डिग्री फॅरनहाइट उतरतं. नॉर्थ बेंड हे खिंडीच्या पायथ्याचं हायवेवरचं गाव साधारण ४५० फुटांवर आहे, म्हणजे खिंड तिथून अडीच हजार फूट वर, म्हणजे जवळजवळ नऊ डिग्रीचा फरक. नॉर्थ बेंडला गाडीच्या डॅशबोर्डवर ४० दिसलं तर वर ३१, बर्फ (फॅरनहाइटमध्ये पाणी ३२ ला गोठतं). ४५ दिसलं तर वर ३६, पाऊस किंवा चिखल. आम्ही नॉर्थ बेंडला थांबतो तेव्हा माझी मुलगी हाच आकडा मोठ्याने वाचते आणि नऊ वजा करते, तिचा तो ठरलेला कार्यक्रम आहे.

या रीतीला एक मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्या कारण त्यात धोका आहे. खिंड म्हणजे डोंगरातली फट, आणि हिवाळ्यात पलीकडच्या पूर्वेच्या भागात थंड जड हवा साठून राहते, ती या फटीतून पश्चिमेकडे वाहत येते. तेव्हा खिंडीत २८ डिग्री आणि वर पाच हजार फुटांवर ३६ असं उलटं चित्र दिसतं. वरून पडताना बर्फ वितळून त्याचा पाऊस होतो, आणि तो पाऊस खालच्या थंड थरात येऊन जमिनीला, लिफ्टच्या तारेला, चष्म्याला, झाडाच्या फांदीला टेकताक्षणी गोठतो. अशा दिवशी जाकिटावर काचेचा पापुद्रा चढतो, हात वाकवला की तो कडकड तुटतो, आणि बर्फावर जी पारदर्शक साय धरते तिच्यावरून स्की खर्रर्र आवाज करत घसरतात, कडेने चावा घ्यायचा म्हटलं तरी घेत नाहीत. अल्पेंटलच्या माथ्याचं तापमान तळापेक्षा जास्त दिसत असेल आणि ढग येणार असतील तर मुलांना घेऊन जाऊ नका, नवशिक्यांनी तर अजिबात नाही. रस्तासुद्धा त्या दिवशी सगळ्यात वाईट असतो.

वादळ कुठल्या क्रमाने येतं हेही बघा. आधी उबदार आणि शेवटी थंड असं झालं तर खाली जड बर्फ आणि त्याच्यावर हलका थर बसतो, खाली घट्ट गादी वर पिंजलेला कापूस, यापेक्षा चांगलं काही नाही. उलट झालं, आधी थंड मग उबदार, तर हलक्या बर्फावर जड थर बसतो, स्की आत जातात आणि अडकतात, गुडघ्याला त्रास होतो. त्यामुळे मी नुसतं ‘शुक्रवारी ८ इंच’ एवढं कधीच बघत नाही, शुक्रवार रात्रीपासून शनिवार सकाळपर्यंत फ्रीझिंग लेव्हल उतरतेय की चढतेय ते बघते. उतरत असेल तर निघायचं.

स्नो रिपोर्टची भाषा पण थोडी शिकून घ्या. पॅक्ड पावडर म्हणजे दाबून बसलेला पण कोरडा, छान. मशीन ग्रूम्ड म्हणजे रात्री मशीन फिरवून कंगव्याने विंचरल्यासारख्या रेघा काढलेला, नवशिक्यांसाठी हाच उत्तम आणि सकाळचा पहिला तास-दीड तासच तसा राहतो. व्हेरिएबल लिहिलं असेल तर सावध व्हा, म्हणजे कुठे मऊ, कुठे बर्फाची लादी. चोवीस तासांतल्या नव्या बर्फाचा आकडा माथ्याचा आहे की पायथ्याचा तेही बघा, बरेचदा मोठा आकडा माथ्याचा असतो आणि नवशिके दिवसभर पायथ्यालाच असतात. वेबकॅम मात्र जरूर बघा, विशेषतः मोजपट्टी लावलेला कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात दिसणाऱ्या लोकांचे खांदे बघा, खांदे ओले चमकत असतील तर पाऊस आहे, रिपोर्टमध्ये काही का लिहिलेलं असेना.

मार्च-एप्रिलचं गणित वेगळं. दिवसा ऊन, रात्री गोठणं, असं रोज झालं की बर्फाचे गोल दाणे होतात, इथे त्याला कॉर्न म्हणतात पण मला ते थेट साबुदाणा वाटतात. सकाळी नऊला तो न भिजलेला साबुदाणा, कडक, पायाला टोचणारा. साडेदहा-अकरापर्यंत नेमका भिजतो, मोकळा मऊ, वळायला एवढा सोपा की स्वतःचंच कौतुक वाटतं. एक-दोन वाजले की जास्त भिजून लगदा. म्हणजे वसंतात पहाटे उठून धावायची गरज नाही, आरामात नाश्ता करून जा, मधले दोन-अडीच तास घ्या आणि परत या. फक्त रात्री आकाश निरभ्र होतं का ते बघा, ढगाळ रात्री बर्फ नीट गोठत नाही आणि मग सकाळपासूनच लगदा. आणि सनस्क्रीन, नाकाच्या खालून आणि हनुवटीखालीसुद्धा, कारण ऊन बर्फावरून उलटं येतं.

आता गर्दी. इतक्या मोठ्या शहरापासून तासाभरावर दुसरा स्की एरिया नाही, स्टीव्हन्स पास आणि क्रिस्टल दोन्ही लांब, त्यामुळे सगळं शहर इथेच येतं. सगळ्यात जास्त गर्दीचे दिवस ठरलेले आहेत, नाताळ ते नववर्ष, जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग जयंतीचा लाँग वीकेंड आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा, त्यात त्या आठवड्यात इथल्या बऱ्याच शाळांना मिडविंटर ब्रेक असतो म्हणजे सोमवारनंतरही गर्दी ओसरत नाही. जानेवारीचा तो वीकेंड नेमका संक्रांतीच्या आसपास येतो आणि आपल्यातले बरेच जण तेव्हाच पहिल्यांदा मुलांना घेऊन जायचं ठरवतात, तर माझं कळकळीचं सांगणं आहे की तो वीकेंड तिळगूळ घरी खा आणि पुढच्या मंगळवारी संध्याकाळी जा.

मंगळवारी संध्याकाळी का, तर इथे नाइट स्कीइंग फार मोठ्या प्रमाणावर चालतं, उतारावर दिवे लावलेले असतात आणि रात्री नऊ-दहापर्यंत लिफ्ट चालू राहतात (वार आणि वेळ दर सीझनला बदलते, कुठला भाग कधी चालू ते साइटवर बघूनच निघा, सगळे भाग रोज चालू नसतात). साडेतीनला काम आटपून निघालात तर पाचला बूट घालून उभे. दिवसभराचे लोक तोवर निघून गेलेले असतात, ऑफिस सुटून येणारे साडेसहाला पोचतात, हा मधला दीड तास माझ्या मते अख्ख्या आठवड्यातला सोन्याचा तास आहे. शनिवारी ज्या लिफ्टला वीस-पंचवीस मिनिटं उभं राहिलो तिथे मी मंगळवारी थेट चालत जाऊन बसलेय. तीन तासांत शनिवारच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त फेऱ्या होतात.

शनिवार-रविवारीच जमत असेल तर दोनच मार्ग, एकदम लवकर किंवा उशिरा. लवकर म्हणजे लिफ्ट सुरू व्हायच्या पाऊण तास आधी पार्किंगमध्ये, आणि नवीन बर्फ पडलेला असेल तर अल्पेंटलला त्याच्याही आधी, तिथलं पार्किंग छोटं आहे आणि जाणकार लोक अंधारात येऊन थांबतात. पहिले दीड-दोन तास मनसोक्त फेऱ्या मारा, साडेदहाला रांगा फुगायला लागल्या की जेवून घ्या, बारा वाजता जेवायला गेलात तर खुर्चीसुद्धा मिळणार नाही. आम्ही थर्मासमध्ये चहा आणि फॉइलमध्ये गुंडाळून थालीपीठ जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवतो, अंगाच्या उबेने ते मऊ राहतं आणि लिफ्टवर बसल्या बसल्या खाता येतं. रविवार शनिवारपेक्षा थोडा बरा असतो, आणि फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी दुपारनंतर तर डोंगर मोकळा होतो, मॅच इथल्या वेळेनुसार साडेतीनला सुरू होते आणि लोक टीव्हीसमोर जातात.

रांगेत उभं राहायचीही रीत आहे. बहुतेक मोठ्या लिफ्टना एकट्यांची वेगळी रांग असते, चार जणांच्या खुर्चीत तीनच आले की चौथा तिथून घेतात. नवरा-बायको वेगवेगळे बसायला तयार असाल तर वेळ खूप वाचतो, मुलांना मात्र एकटं पाठवू नका. समिट सेंट्रलच्या मुख्य लॉजसमोरची लिफ्ट सगळ्यात भरलेली असते कारण सगळे तिथेच उतरतात आणि तिथेच थांबतात, नकाशा बघून कडेच्या लिफ्टकडे गेलात की त्याच वेळी तिथे निम्मी रांग दिसते. नवशिक्यांनी समिट वेस्टला जा, उतार सौम्य आहेत, त्यासाठी आय-९० वर एक्झिट ५२, सेंट्रलला ५३, ईस्टला ५४. अल्पेंटल पहिल्या दोन सीझनला विसरा. ते खडं आहे, १९८४ च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचं सुवर्णपदक जिंकणारी डेबी आर्मस्ट्राँग तिथेच स्की करत वाढली आणि तिच्या नावाचा उतार तिथे आहे, तो लिफ्टवरून बघायलाच आधी जा.

भाड्याचं सामान आदल्या दिवशी शहरातूनच घ्या. एका शनिवारी आम्ही वर जाऊन घ्यायचं ठरवलं आणि बूट-स्की हातात यायला सव्वा तास गेला, तोपर्यंत मुलीच्या क्लासची वेळ टळली होती. तिकीटही ऑनलाइन आधीच काढा, जितकं आधी तितकं स्वस्त पडतं. पण आधी काढायचं तर हवामान कसं कळणार, हा प्रश्न रास्त आहे, म्हणून मी दोन-तीन दिवस आधी काढते, तेवढ्या मुदतीत फ्रीझिंग लेव्हलचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो, आठवडाभर आधीच्या अंदाजावर मी पैसे लावत नाही.

कपड्यांचं थोडक्यात, जीन्स नको, सुती काहीच नको, आणि हातमोज्यांचा दुसरा जोड घ्याच. कोरड्या थंडीच्या डोंगरावर एक जोड पुरतो, इथे नाही.

खूप बर्फ पडला असेल तर झाडांमध्ये शिरू नका. इथल्या सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो, वरून तो दिसत नाही, त्यात डोकं खाली होऊन पडलेला माणूस बहुतेकदा स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. दोरी बांधून बंद केलेल्या भागात तर कोणीही जाऊ नये, तिथे हिमस्खलन होतं. बर्फावर पाऊस पडला की धोका आणखी वाढतो, १९१० साली स्टीव्हन्स पासजवळ वेलिंग्टनला बरेच दिवस बर्फ पडून नंतर पाऊस आला आणि अडकून पडलेल्या दोन रेल्वेगाड्या दरीत गेल्या, ९६ माणसं गेली.

रस्त्यासाठी राज्याच्या वाहतूक विभागाच्या साइटवरचं खिंडीचं पान आणि कॅमेरे निघायच्या आधी बघा. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी टायरला लावायची चेन डिकीत हवीच, आणि ती एकदा घराच्या ड्राइव्हवेमध्ये बसवून बघा, पहिल्यांदा अंधारात, बर्फात, शेजारून ट्रक जात असताना शिकायची ती गोष्ट नाही. वादळात हिमस्खलनाचा धोका कमी करायच्या कामासाठी हायवे तासन् तास बंद होतो, म्हणून टाकी भरलेली, गाडीत ब्लँकेट, पाणी आणि खाऊ.

परतीला रविवारी दुपारी तीन ते सहा टाळा, स्की करणारे आणि पूर्वेकडून वीकेंड संपवून येणारे दोघेही एकाच वेळी पश्चिमेकडे निघतात आणि नॉर्थ बेंडपर्यंत गाडी रांगत जाते. एकतर दीडच्या आत निघा, नाहीतर दिवे लागेपर्यंत थांबा, लिफ्ट रिकाम्या होतात, थंडी वाढून दुपारचा ओलसर बर्फ पुन्हा आवळायला लागतो तेव्हा अजून चार फेऱ्या सावकाश मारा आणि सातनंतर गाडी काढा. चेन लावली असेल तर खाली रस्ता नुसता ओला दिसायला लागला की सुरक्षित जागी थांबून लगेच काढा, बर्फ नसलेल्या डांबरावर ती तुटते.